वाचायला जागा : पीपल्स एज्युकेशन सोसायटीची ग्रंथालये, वसतिगृहे आणि विद्यार्थी

स्मरणिकेतला संस्थेचा इतिहास बहुधा ठरलेल्या वाटेने जातो. स्थापनेची तारीख, पायाभरणी, प्राचार्यांची नामावली, निकालांची टक्केवारी, इमारतींचे फोटो; आणि शेवटाकडे कुठेतरी ‘संस्थेचे सुसज्ज ग्रंथालय असून त्यात इतकी हजार पुस्तके आहेत’ असे एक वाक्य. वसतिगृहाच्या वाट्याला तेवढेही येत नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचा इतिहास असाही सांगता येईल, पण मग तो अर्धाच सांगून होईल. ८ जुलै १९४५ रोजी ही संस्था स्थापन करणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर ग्रंथालयांत घडलेले होते. विद्यार्थ्याला वर्गाबाहेर काय काय लागते हे त्यांना शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांआधी परळच्या चाळीने शिकवले होते. म्हणून हे टिपण ग्रंथालय आणि वसतिगृह यांच्या बाजूने लिहिले आहे. प्राचार्यांची यादी अन्यत्र असेलच.

परळच्या डबक चाळीतली ती एक खोली आंबेडकर चरित्राच्या वाचकांना ठाऊक आहे. स्वयंपाक, सरपण, निजणे-बसणे सगळे तिथेच. मुलगा झोपायचा तेव्हा उशाशी जाते आणि पायथ्याशी शेळी. घरात माणसांची वर्दळ थांबल्याशिवाय अभ्यास शक्य नव्हता, म्हणून वडील रामजी सुभेदार त्याला संध्याकाळी लवकर झोपवत, स्वतः जागत आणि रात्री दोनच्या सुमाराला उठवून दिव्यापुढे बसवत. पुस्तकांचा प्रश्न त्याहून अवघड. मुलाने पुस्तक मागितले आणि खिशात पैसे नसले, की रामजी शहरातच राहणाऱ्या धाकट्या लेकीकडे जात. तिच्याकडे नसले तर थोरलीकडे. ती बिचारी अंगावरचा एखादा दागिना काढून देई, तो गहाण पडे, पुस्तक घरी येई आणि पेन्शन हाती आले की दागिना सोडवून परत जाई. बाबासाहेबांनी ही हकीकत स्वतःच लिहून ठेवली आहे. बहिणींच्या दागिन्यांवर चालणारे हे घरगुती ग्रंथालय किती दिवस पुरणार होते? गरिबाच्या घरात पुस्तक येते ते कुणाच्या तरी अंगावरून उतरून येते, हे ज्याने पाहिले त्याने पुढे महाविद्यालय काढताना आधी ग्रंथालयाचा विचार केला, यात नवल नाही.

घराबाहेर त्याला भेटले ते शिक्षक. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत शिकण्याची दारे त्याला बंद होती, फारशी घ्यावी लागली. पण संध्याकाळी चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणारा हा मुलगा दुसऱ्या एका शाळेतल्या शिक्षकाच्या नजरेला पडला. ते कृष्णाजी अर्जुन केळुसकर. ग्रंथकार, चरित्रकार आणि हाडाचे मास्तर. त्यांनी चौकशी केली, ओळख वाढवली, वाचायला पुस्तके दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला तेव्हा सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली त्याचा सत्कार झाला, आणि केळुसकरांनी आपणच लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले. पुढे पैशावाचून शिक्षण अडले तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकणारेही केळुसकरच. महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती त्यातून मिळाली. एल्फिन्स्टन कॉलेजात प्रा. मुल्लर पुस्तकांबरोबर अंगात घालायला सदरेही देत.

एकाने बागेत हटकले, दुसऱ्याने कपडे दिले. दोघांनीही जे केले ते त्यांच्या नोकरीच्या कामात मोडत नव्हते. विद्यार्थी नीट शिकायचा तर त्याच्या अंगावरचा सदरा, डोक्यावरची काळजी आणि हातातले पुस्तक यांचा विचार एकत्रच करावा लागतो, ही समजूत आज समुपदेशन केंद्रांच्या फलकांवर दिसते. केळुसकरांच्या काळी ती फलकावर नव्हती, स्वभावात होती. पण एक खरे, स्वभावावर संस्था चालत नाही. चांगला मास्तर भेटला तर मुलगा तरला, न भेटला तर बुडाला; हा योगायोग संपवायचा तर व्यवस्था उभारावी लागते. आंबेडकरांचे पुढचे शैक्षणिक काम हे त्या व्यवस्थेचेच काम होते, असे मला वाटते.

न्यूयॉर्क आणि लंडनच्या वर्षांविषयी इथे थोडक्यातच. १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठ, जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून पोटाला चिमटा काढून जमवलेली पुस्तके, मग लंडन. १९१७ साली शिक्षण अर्धवट सोडून परतताना सामान दुसऱ्या बोटीने पाठवले होते, ती महायुद्धात पाणबुडीच्या माऱ्याने बुडाली आणि पुस्तके गेली. टॉमस कुक कंपनीकडून भरपाईचे ६०० रुपये मिळाले तेवढेच. १९२० नंतरच्या लंडनच्या मुक्कामात ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय उघडताना आत आणि बंद होताना बाहेर असा नेम होता, मधे खाणे जवळजवळ नाहीच. हा भाग आपण नेहमी कौतुकाने सांगतो, विद्यार्थ्यांना उदाहरण म्हणूनही सांगतो. सांगावा, पण एक जपून: उपाशी राहून वाचलेल्या या माणसाने आपल्या विद्यार्थ्यांना उपाशी राहून वाचा असे सांगणारी संस्था काढली नाही. त्याने वसतिगृहे काढली.

सुरुवात सोलापुरात झाली. २० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांच्या पुढाकाराने मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि ४ जानेवारी १९२५ रोजी तिचे पहिले वसतिगृह सोलापूरला उघडले. वसतिगृहातल्या मुलांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालवले आणि मोफत वाचनालय सुरू केले. सभेच्या वतीने मुंबईत वाचनालयाबरोबर एक हॉकी क्लबही चालत असे. कामकरी वस्तीतल्या तरुणांनी रिकामा वेळ दारू-जुगाराऐवजी मैदानावर घालवावा, हा त्यामागचा हेतू. सभेच्या कामाच्या नोंदीत निवेदने, ठराव, परिषदा यांच्या गर्दीत ही हॉकी वाचताना थोडी गंमत वाटते. पण राहायला खोली, वाचायला पुस्तक, लिहायला मासिक आणि खेळायला मैदान एवढ्या चार गोष्टी पहिल्याच वर्षात सुचल्या, याकडे दुर्लक्ष करू नये. आजही पुष्कळ वसतिगृहांना यांतली पहिली गोष्टच धड जमलेली नसते.

१९२८ साली डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि सरकारी अनुदानावर माध्यमिक शाळेतल्या मुलांसाठी आणखी वसतिगृहे उभी राहिली. धारवाडचे वसतिगृह सांभाळणारे बळवंत हणमंतराव वराळे हे नाव या इतिहासात पुढे पुन्हा येईल. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या पाठपुराव्याने अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी केंद्र सरकारने दरसाल तीन लाख रुपयांची शिष्यवृत्ती योजना मंजूर केली, परदेशी जाणाऱ्यांसाठीही वाट निघाली. वसतिगृह झाले, शिष्यवृत्ती झाली. आता उरले होते ते स्वतःचे महाविद्यालय, जिथे मुलाला मागच्या बाकावर बसवले जाणार नाही आणि प्रवेश मागताना आवाज खाली करावा लागणार नाही. ती उणीव भरून काढायला १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली. उद्देशात कनिष्ठ मध्यमवर्ग आणि विशेषतः अनुसूचित जाती यांचा उल्लेख असला तरी दार सर्वांना उघडे ठेवले होते. विद्यार्थीही सर्व जातींचे आले, प्राध्यापकही.

२० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले, तेही क्वीन्स रोडवरच्या युद्धकाळातल्या तात्पुरत्या बराकींत. काही वर्षांनी ते फोर्टमधल्या दोन इमारतींत गेले. त्या इमारती आज बुद्ध भवन आणि आनंद भवन या नावांनी ओळखल्या जातात. पहिले प्राचार्य अश्वत्थामाचार्य बाळाचार्य गजेंद्रगडकर. संस्कृतचे नामांकित पंडित, एल्फिन्स्टन कॉलेजचे माजी प्राचार्य. ज्या मुलाला शाळेत संस्कृत नाकारले गेले, त्याने आपल्या कॉलेजच्या खुर्चीवर संस्कृतच्या पंडिताला सन्मानाने बसवावे, यात काही जणांना काव्यगत न्याय दिसतो. मला व्यवहार दिसतो. उत्तम शिक्षक हवा, त्याची जात नंतर. एवढा साधा नियम. मराठी शिकवायला अनंत काणेकर होते. कॉलेजात विद्यार्थ्यांची संसद भरे, तिच्यापुढे स्वतः बाबासाहेबही बोलले. वादविवाद करायची, विरोधी मत ऐकून घ्यायची सवय तिथे लागे.

सिद्धार्थची खरी नवलाई मात्र त्याच्या घड्याळात होती. वर्ग सकाळी लवकर भरत आणि कचेऱ्या उघडायच्या सुमाराला संपत. त्यामुळे कारकुनी करणारा, दुकानात राबणारा, घरातला एकटा कमावता मुलगा आधी कॉलेज करून मग नोकरीवर जाऊ शके. ज्या शहरात शिकायचे तर नोकरी सोडावी लागे आणि नोकरी सोडली तर घर उपाशी राही, तिथे वेळापत्रकातला हा बदल कुठल्याही शिष्यवृत्तीएवढाच मोलाचा होता. विद्यार्थीकल्याण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे निधी, योजना, अर्जांचे गठ्ठे येतात. इथे एक पैसाही वाटला गेला नाही, फक्त तास सरकवले गेले, आणि शिक्षण ज्यांच्या आवाक्याबाहेर होते असा एक मोठा वर्ग आत आला. पदवीधर झालेला गिरणीकामगाराचा मुलगा, रात्री उशिरा झोपून पहाटे लोकल पकडणारा पोस्टातला कर्मचारी, हे मुंबईच्या शैक्षणिक इतिहासातले नवे पात्र होते.

अशा विद्यार्थ्याला ग्रंथालय कशासाठी हवे? पहिले कारण उघड आहे: क्रमिक पुस्तके विकत घेणे परवडत नाही. दुसरे कारण फारसे कुणी लिहीत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत दिवा, टेबल आणि शांतता या तीन गोष्टी एकाच वेळी मिळत नाहीत. दिवा असला तर टेबल नाही, टेबल असले तर त्यावर धाकट्या भावाचे अंथरूण. ग्रंथालयातली खुर्ची ही त्या मुलाच्या आयुष्यातली पहिली खासगी जागा असते. तिथे त्याला कुणी ऊठ म्हणत नाही. बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले ते पुस्तकांसाठी, हे सर्वश्रुत आहे. पुस्तकांना घर हवे असे म्हणणारा माणूस वाचणाऱ्यालाही जागा हवी हे विसरत नाही. त्यांच्या संग्रहातली पुस्तके पुढे सिद्धार्थच्या ग्रंथालयात आली. विद्यार्थ्याच्या हाती पडलेल्या एखाद्या ग्रंथाच्या समासात संस्थापकाच्या पेन्सिलीची खूण असावी, असे भाग्य फार थोड्या कॉलेजांच्या वाट्याला आले असेल.

सिद्धार्थचे ग्रंथपाल एस. एस. रेगे यांचा उल्लेख इथे वेगळा करायला हवा. बाबासाहेबांच्या अखेरच्या वर्षांतल्या ग्रंथव्यवहाराशी त्यांचा निकटचा संबंध आला, आणि त्यांनी सांगितलेल्या आठवणी नंतरच्या अभ्यासकांना उपयोगी पडल्या. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ १९५७ साली, लेखकाच्या महापरिनिर्वाणानंतर, सिद्धार्थ कॉलेजच्या प्रकाशनातूनच बाहेर आला. कॉलेजने केवळ पुस्तके विकत घ्यायची नाहीत, छापायचीही, हा पायंडा त्यातून पडला. ग्रंथपालाला आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी किल्ल्या सांभाळणारा कारकून समजतात. कपाटाला कुलूप आणि पुस्तक हरवले तर पगारातून कापून घेण्याची धास्ती, अशा अवस्थेत तो पुस्तके द्यायला नाखूश असतो आणि विद्यार्थी मागायला. ग्रंथपालाचे काम शिक्षकाच्या बरोबरीचे मानले तरच हे बदलते. कोणत्या मुलाने मागच्या महिन्यात काय वाचले आणि आता त्याला काय द्यावे, हे वर्गातल्या शंभर जणांपुढे उभ्या असलेल्या प्राध्यापकापेक्षा काउंटरमागच्या माणसाला अधिक नेमके कळते.

सिद्धार्थचे सगळे मुंबईत घडले. औरंगाबादची गोष्ट निराळी, आणि या इतिहासाचा गाभा तिथेच आहे.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. उच्च शिक्षणाची भाषा उर्दू, विद्यापीठ हैदराबादला. औरंगाबादला १९२३ पासून एक सरकारी इंटरमीजिएट कॉलेज होते. पदवीसाठी गाव, भाषा आणि खर्च असे तीन उंबरे ओलांडावे लागत. बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबादकडच्या दलित मुलाने हे उंबरे ओलांडणे म्हणजे अपवादच. १९५० साली या प्रदेशात दोन महाविद्यालये उभी राहिली. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज. हैदराबाद संस्थानातल्या अनुसूचित जातींच्या निधीतून कर्ज मिळाले, छावणीच्या बाजूला शंभर एकरांहून मोठी जागा मिळाली, लेण्यांचे डोंगर दिसतील अशी. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. परिसराला नागसेनवन आणि कॉलेजला मिलिंद ही नावे मिळाली. भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारून भंडावणारा ग्रीक राजा तो मिलिंद. शिकवणाऱ्या आचार्यापेक्षा प्रश्न विचारणाऱ्याचे नाव कॉलेजला देणे, ही निवड बोलकी आहे.

या कॉलेजच्या निमित्ताने बाबासाहेबांनी जी भूमिका मांडली, ती संस्थेच्या प्रत्येक वसतिगृहाच्या दारावर लावावी अशी आहे. खालच्या समजल्या गेलेल्या वर्गांचा प्रश्न त्यांना अन्न, वस्त्र, निवारा देऊन वरच्यांची सेवा करायला लावण्याचा नाही, असे त्यांनी म्हटले. प्रश्न आहे तो पिढ्यान्‌पिढ्या मनात रुजवलेल्या न्यूनगंडाचा. त्याने त्यांची वाढ खुंटवली आणि त्यांना दुसऱ्यांचे गुलाम केले. यावरचा उपाय म्हणून त्यांनी उच्च शिक्षणाकडे बोट दाखवले. १९५१ साली विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्यावर आपल्याकडे कुणी चर्चासत्रे घेत नव्हते. तेव्हा हा निदानाचा कागद लिहिला गेला. त्यात वसतिगृह आणि ग्रंथालय यांचे स्थान बदलते. जेवणाची थाळी आणि झोपायची खाट ही दया म्हणून दिली तर न्यूनगंड घट्टच होतो. अभ्यासाचा हक्काचा भाग म्हणून दिली तर सैल पडतो. दात्यांच्या नावांच्या पाट्यांनी भरलेली वसतिगृहे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा फरक समजावून सांगावा लागणार नाही.

हे काम प्रत्यक्षात उतरवायला माणसे लागली. धारवाडचे वराळे बाबासाहेबांच्या सांगण्यावरून औरंगाबादला आले आणि मिलिंदच्या उभारणीच्या कामात पडले. त्यांच्या आठवणींचे पुस्तक ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा सांगाती’ ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे. आपल्या संस्थेचा इतिहास हिशेबाच्या वह्यांइतकाच तिथे सापडतो. प्राचार्य होते म. भि. चिटणीस. खेड्यातून आलेला, चारचौघांत बोलताना अडखळणारा मुलगा पुस्तकातून धीट होतो हे खरे, पण रंगमंचावर तो लवकर धीट होतो, हे चिटणिसांनी ओळखले असावे. त्यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले आणि मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी ते बाबासाहेबांपुढे केले. १९५६ साली नागपूरलाही त्याचा प्रयोग झाला. दलित रंगभूमीचा इतिहास लिहिणारे या नाटकापाशी थांबतात. शिक्षणाचा इतिहास लिहिणाऱ्यांनीही थांबावे.

वसतिगृहातल्या पहिल्या वर्षांचे चित्र नजरेपुढे आणायला कल्पनेची फार गरज नाही. पत्र्याची पेटी, एक सतरंजी, घरून बांधून दिलेल्या भाकरी दोन दिवस पुरतील एवढ्या. बापाला सही येत नाही. शहरात ओळखीचे कुणी नाही, खोली भाड्याने मागावी तर पहिला प्रश्न जातीचा. अशा मुलाला वसतिगृहाचे छप्पर मिळाले, म्हणजे अभ्यासाची निम्मी लढाई झाली. शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येत, ते आजही उशिराच येतात. त्या महिन्यांत मेसचे बिल थकले तरी मुलाला ताटावरून न उठवणे, हा निर्णय कुठल्याही नियमावलीत नसतो, तो अधीक्षकाच्या मनगटात असतो. आणि संध्याकाळी ग्रंथालयात गेले की शेजारच्या खुर्चीवर आपल्यासारखाच कुणीतरी. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला पुस्तकांपेक्षाही या शेजाऱ्याची गरज असते. आपण इथे चुकून आलेलो नाही, ही खात्री तो शेजारी देतो.

साठच्या दशकात मिलिंदचे प्राचार्यपद डॉ. म. ना. वानखेडे यांच्याकडे आले. ते अमेरिकेत संशोधन करून परतले होते, कृष्णवर्णीय लेखकांचे साहित्य वाचून आले होते, आणि जे वाचले ते त्यांनी सहकाऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना सांगितले. इथे ग्रंथालय आणि शिक्षक यांचा सांधा नेमका दिसतो. पुस्तक कपाटात असून भागत नाही. कुणीतरी ते काढून ‘हे तुझ्यासाठी आहे’ असे म्हणावे लागते. मिलिंदमध्ये मराठी शिकवणारे डॉ. गंगाधर पानतावणे हे असे म्हणणारे दुसरे. १९६७ साली ‘अस्मिता’ निघाले, पुढच्याच वर्षी ते ‘अस्मितादर्श’ झाले, आणि पानतावण्यांनी ते आयुष्यभर चालवले. ज्या मुलांनी आपले जगणे लिहिण्याजोगे आहे असा कधी विचारही केला नव्हता, त्यांच्याकडून त्यांनी लिहून घेतले, पत्रे पाठवून पाठवून. दलित साहित्याची चळवळ अनेक ठिकाणी उगवली, तिचे श्रेय एकट्या कॉलेजला देणे बरोबर नाही. पण नागसेनवन नसते तर ती वेगळी झाली असती, एवढे निश्चित म्हणता येते.

प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ साली आले. पोरका मुलगा, नातलगांच्या दारातले जिणे, भूक, आणि त्या सगळ्यातून रेटून नेलेली शाळा. सोनकांबळे मिलिंदमध्ये शिकले आणि संस्थेच्याच डॉ. आंबेडकर महाविद्यालयात इंग्रजी शिकवत राहिले. विद्यार्थी म्हणून घेतले ते शिक्षक म्हणून परत केले, अशी उदाहरणे संस्थेत आणखीही आहेत. छापलेले आत्मचरित्र नसल्यामुळे ती आपल्याला ठाऊक नाहीत, एवढेच.

पुढचा विस्तार थोडक्यात सांगतो. मुंबईत वाणिज्य आणि विधी महाविद्यालये निघाली, औरंगाबादेत कला, विज्ञान, वाणिज्य, विधी यांची स्वतंत्र महाविद्यालये आणि हायस्कूल. मुंबईत वडाळ्याचे सिद्धार्थ विहार वसतिगृह १९७२ नंतर दलित पँथरच्या तरुणांचे ठिकाण म्हणून गाजले. वसतिगृहातली मुले अभ्यास सोडून राजकारण करतात, ही तक्रार तेव्हाही झाली. पण पँथरचे राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांचे लेखन वाचा, म्हणजे ती मुले किती वाचत होती ते कळेल. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा, नामांतराचा ठराव १९७७-७८ च्या सुमारास गाजू लागल्यापासून १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंतची वर्षे नागसेनवनाने मोर्चे, अटका आणि गावाकडून येणाऱ्या वाईट बातम्या यांच्यात काढली. १९७८ साली नामांतराच्या विरोधात खेड्यांत दलितांची घरे जळत असताना इथल्या मुलांनी परीक्षा कशा दिल्या, याचा इतिहास अजून कुणी लिहिलेला नाही.

अडचणींबद्दल गप्प राहणे स्मरणिकेला शोभत असले तरी इतिहासाला शोभत नाही. नियामक मंडळावरून झालेले वाद न्यायालयापर्यंत गेले, आणि ज्या वर्षांत विश्वस्त कोर्टाच्या तारखा सांभाळतात त्या वर्षांत ग्रंथालयाच्या गळक्या छपराकडे बघायला कुणाला वेळ नसतो. संस्थापकाचे नाव मोठे असले की त्यांची जयंती थाटात होते. त्यांचे खरे स्मारक म्हणजे रात्री उशिरापर्यंत उघडी असलेली अभ्यासिका. तिच्यासाठी मात्र एक शिपाई आणि दोन दिवे यांचा खर्च मंजूर करून घ्यावा लागतो. हे एकाच संस्थेचे दुखणे नाही. महाराष्ट्रात अनुदानित महाविद्यालयांतल्या ग्रंथपालांच्या जागा वर्षानुवर्षे रिक्त राहतात आणि काउंटरवर तासिका तत्त्वावरचा माणूस बसतो. दुसरीकडे २०१० पासून एन-लिस्टसारख्या योजनेतून हजारो नियतकालिके आणि ई-पुस्तके महाविद्यालयांना संगणकावर मिळू लागली. सोय मोठी, पण लॉगिन कसे करायचे हे दाखवायला माणूस लागतो, आणि ज्या मुलाचा मोबाइल फुटक्या काचेचा आहे त्याला वाचायला मोठा पडदा लागतो. म्हणजे पुन्हा ग्रंथालयाची खोली लागतेच.

आज स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी पुण्यात, छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीच्या औरंगाबादेत) महिन्याला पैसे मोजून खुर्ची भाड्याने देणाऱ्या खासगी अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत. ज्यांना परवडते त्यांची सोय झाली. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी महाविद्यालयाचे ग्रंथालय रात्री बंद का असते, हा प्रश्न प्रत्येक व्यवस्थापनाने स्वतःला विचारावा. बराकीत कॉलेज भरवून घड्याळ बदलणाऱ्या संस्थेला तो विचारायचा अधिकार इतरांपेक्षा जास्त आहे, आणि उत्तर देण्याची जबाबदारीही.

या स्मरणिकेच्या वाचकांत सिद्धार्थचे, मिलिंदचे आणि संस्थेच्या अन्य महाविद्यालयांचे माजी विद्यार्थी असतील. त्यांना एक विनंती. आपल्याकडे कॉलेजचे जुने वार्षिकांक, वसतिगृहाच्या पावत्या, प्रवेशपत्रे, स्नेहसंमेलनाचे फोटो, प्राध्यापकांनी लिहिलेली पत्रे असतील तर ती माळ्यावर वाळवीच्या हवाली करू नका. मूळ देववत नसेल तर त्याची स्कॅन प्रत द्या, पण आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालाकडे नोंद करून द्या. सोबत एका कागदावर लिहा: कोणत्या साली प्रवेश घेतला, कुठून आलात, कोणत्या खोलीत राहिलात, ग्रंथालयातले कोणते पुस्तक पहिल्यांदा वाचलेत आणि ते कुणी हाती दिले. संस्थेच्या कागदपत्रांत तारखा आहेत, ही माहिती नाही. ती फक्त तुमच्याकडे आहे.